बांडी म्हणजे काय

बांडी हा शब्द मी माहेरून आणला. लग्नाला दहा-अकरा वर्षं झाल्यावर आईनं मला एक बकरी दिली. हा शब्द त्या बकरीबरोबर आला. बकरी काळी होती आणि अंगावर पांढऱ्याचे मोठाले तुकडे होते. आमच्या जानेफळकडे अशा जनावराला बांडं म्हणतात. बांडा बैल, बांडी गाय, बांडं वासरू. त्यात कोणाला समजावून सांगण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

बाबा गावाची गुरं राखायचे. सकाळी घराघरांतून जनावरं गोठाणावर यायची आणि संध्याकाळी आपापल्या घरी जायची. एखादं मागं राहिलं तर बाबा मालकाचं नाव घेत नसत, रंगाचं घेत. "खैरी नाई दिसून राह्यली," म्हणायचे, "नाल्याकडं पाह्य." चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली आणि मी त्यांच्यासोबत जाऊ लागले. तेव्हा हे सगळं शिकावंच लागलं. नुसतं काळं-पांढरं म्हणून भागायचं नाही, कारण काळी-पांढरी जनावरं वीस-पंचवीस असायची. पांढऱ्याचे मोठे तुकडे असतील तर बांडी. काळं आणि पांढरं बारीक मिसळलेलं, राखेत तीळ सांडल्यासारखं असेल तर कबरी. अंग सगळं एका रंगाचं आणि कपाळावर तेवढं पांढरं असेल तर चांदरी. मी एकदा बांडीला कबरी म्हटलं, तर बाबा चालता चालता थांबले.

"तुकडा दिसते का दाना दिसते?"

"तुकडा."

"मंग बांडी. दाना दिसला तं कबरी."

एवढंच बोलले आणि पुढं चालू लागले. मी मागून येणाऱ्या प्रत्येक जनावराकडं पाहत, तुकडा का दाणा, असं मनात म्हणत गेले. त्या दिवसापासून माझ्याकडून चूक झाली नाही.

आई हा शब्द जनावरापुरता ठेवत नसे. मी घाईघाईत सारवलं, कुठं शेण लागलं, कुठं कोरडं राहिलं की ती म्हणायची, "हे काय बांडं सारवलं वं?" धुतलेल्या लुगड्याचा रंग कुठं गेला, कुठं राहिला की ते बांडं झालं. पण आमच्या गल्लीत एका मुलीच्या हातावर, मानेवर कोडाचे डाग आले आणि पोरं तिला बांडी म्हणू लागली, तेव्हा शांत स्वभावाचे बाबा काठी घेऊन त्यांच्यामागं धावले होते. "जनावराचा शब्द हाय, जनावराले शोभते," म्हणाले. पुढं ती मुलगी शिकून नर्स झाली. तिच्या घरच्या लग्नात बाबांना सगळ्यांच्या आधी पंगतीला बसवलं होतं.

माझं सासर मोताळा तालुक्यात आहे, पिंपळगाव राजाच्या अंगाला. जिल्हा एकच, पण इथली बोली वेगळी पडते. सुरुवातीला मी काही बोलले की बायका हसायच्या, मग घरी जाऊन ते बोलून दाखवायच्या. म्हणून मी बोलणं कमी केलं. इथं माझं नावच जानेफळवाली पडलं. हाक आली की ओ द्यायची, विचारलं तेवढं सांगायचं, असंच चालत आलं.

बकरी आली तेव्हा माझ्या मुलीनं विचारलं, "आई, हिचं नाव काय?" मी म्हटलं, "बांडी." मी रंग सांगितला होता, तिनं नाव धरलं. दोन दिवसांत घरादाराची ती बांडी झाली. "बांडीले पानी पाजलं का?" "बांडी भिजून राह्यली, आत घ्या." सासूबाईही बांडीच म्हणायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. हे नाव असं कसं, असं त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

आई पुढच्याच वर्षी गेली. तिनं दिलेल्या वस्तूंमध्ये भांडी होती, एक गोधडी होती. पण जिवंत असं तेवढं एक होतं.

हरवली तेव्हा बांडी गाभण होती. कास भरली होती, चार-पाच दिवसांत व्यायली असती. कापूस वेचणीचे दिवस होते. मी तिला रोज शेतात नेऊन धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बोरीला बांधत असे. त्या दिवशी ती सारखी उठत-बसत होती, म्हणून दोर सोडून दिला. म्हटलं, जरा फिरेल, तेवढंच बरं वाटेल. मी दुसऱ्या टोकाला झोळी रिकामी करायला गेले आणि तेवढ्यात रस्त्यानं बकऱ्यांचा एक मोठा कळप गेला. लांबून मला धूळ तेवढी दिसली. परत आले तर बोरीखाली दोर होता, बकरी नव्हती. बकरी माणसाच्या आधी बकऱ्यांची असते. चार तोंडं पुढं चालली की तीही चालू लागते.

मी रस्त्यानं पळत गेले. पुढं फाटा होता आणि दोन्ही रस्त्यांवर लेंड्या पडल्या होत्या. एका रस्त्यानं बऱ्याच लांब जाऊन मागं आले, मग दुसऱ्यानं गेले. काही दिसलं नाही.

संध्याकाळी मुलीचे बाबा ग्रामपंचायतीत गेले आणि शिपायाला म्हणाले, "आमची बांडी हरवली, भोंग्यावर सांगा." शिपायानं भोंगा लावला. मी चुलीपुढं बसून ऐकलं. "एक बांडी बकरी हरवली आहे. गाभण आहे. कोणाला सापडल्यास ग्रामपंचायतीत कळवावे." तीन वेळा सांगितलं. कोणीतरी ते मोबाइलवरही टाकलं, त्यामुळं आजूबाजूच्या गावांत गेलं. मला धीर आला. एवढ्या लोकांच्या कानावर गेलं म्हणजे कोणीतरी सांगेलच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एका गावाहून फोन आला की तुमची बकरी आमच्याकडं आहे. मुलीचे बाबा मोटरसायकलवर गेले आणि तासाभरात रागारागानं परत आले.

"लोक बी काय डोळे बंद करून राह्यतात का? तांबडी बकरी, कुत्र्यानं शेपूट तोडेल. म्हने हेच तुमची."

"तुमी रंग नाई सांगतला?" मी विचारलं.

"मी सांगतलं न, बांडी."

त्यांच्या तोंडी ते बकरीचं नावच होतं, माझ्या तोंडी रंग, त्यामुळं आम्हा दोघांनाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

त्याच दुपारी शेजारीण पिंपळगावहून आली. पिंजाऱ्याकडं गादी भरायला टाकून आली होती. ओट्यावर बसून पाणी पिता पिता म्हणाली, "तिथं बकऱ्यावाल्याच्या घरी एक कबरी बकरी बांधेल हाय म्हने. त्यायच्या कळपात घुसली. मालक भेटून नाई राह्यला."

माझ्या डोळ्यापुढं राख आणि तीळ आले. मी म्हटलं, "कबरी? मंग ते आपली नाई."

असं मी माझ्या तोंडानं माझी बकरी नाकारली. मालकीणच नाही म्हणते म्हटल्यावर शेजारणीनंही तो विषय सोडला. दुसऱ्या दिवशी वेचणीत एक थट्टा झाली नसती तर गोष्ट तिथंच संपली असती.

तिसऱ्या दिवशी वेचणीला गेले, पण हात चालत नव्हते. उद्या चौथा दिवस, परवा पाचवा, म्हणजे ती कुठंतरी उघड्यावर व्यायणार. पिल्लांना कोण पुसणार, कोल्हं आलं तर काय, हेच डोक्यात फिरत होतं. शेजारच्या ओळीतल्या बायकांची आपली नेहमीची थट्टा चालली होती. त्यातली एक तोंडाची मोठी तिखट. ती म्हणाली, "काय वं जानेफळवाली, भेटली का बकरी?"

"नाई."

"भेटंन कशी? कुपाटीत लपली तं मागून वढाले शेपूट पाह्यजे न!"

सगळ्या हसल्या. मला काही कळलं नाही. मी बोंडातून कापूस काढत राहिले.

"खरं सांग, कोनं तोडलं शेपूट? कुत्र्यानं का तुया सासूनं?"

आत्याबाई दोन ओळी सोडून वेचत होत्या. त्या ओरडल्या, "माह्यं नाव नको घेऊ वं, तुयंच तोंड कापतो आता!"

पुन्हा हशा झाला. मी म्हटलं, "शेपूट हाय तिले."

"हाय? मंग बांडी काऊन म्हनता?"

"बांडी हाय म्हून."

"अवं माय! बांडी म्हंजे शेपूट तुटेल. आमच्या बुढ्याचा बैल होता, त्याचं शेपूट गाडीच्या चाकात आलं, तवापासून तो बांड्या. सारं गाव बांड्याच म्हने."

मी उभी राहिले. हातातला कापूस तसाच होता. "अन अंगावर पांढरे तुकडे असले तं काय म्हनता?"

"तं कबरी. दुसरं काय म्हनतीन?"

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. सगळीकडं शेपूट तुटलेल्या बकरीचा शोध चालला होता. जिच्या अंगावर तुकडे आहेत आणि शेपूट शाबूत आहे, ती कोणाच्याही दारात उभी असली तरी कोणी बोलणार नव्हतं. आणि पिंपळगावात एक कबरी बांधलेली होती.

मी कमरेची झोळी सोडली. आत्याबाईंजवळ जाऊन म्हटलं, "आत्याबाई, मले आताच पिंपळगावले जा लागते. ते आपलीच हाय."

"एकटी? संध्याकाळी तो आला म्हंजे जाईन न."

"तवर दुसरं कोनी घेऊन गेलं तं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी असं कधी उलट बोलत नसे. मग हळूच विचारलं, "शेपूट तं हाय तिले, मी रोज पाहतो. मंग तू बांडी काऊन ठेवलं तिचं नाव?"

"माहेरी तुकड्यावालीले बांडी म्हनतात. तुमाले नाई वाटलं का इचारावं?"

"मले वाटलं, नजर लागू नाई म्हून ठेवलं असंन. लोक धडधाकट पोराले लंगड्या म्हनतात. जाय, जाय लवकर. पैसे हायेत का गाडीले?"

फाट्यावर काळीपिवळी जीप मिळाली. बसताना ड्रायव्हर, शेजारची माणसं, सगळ्यांनी पाहिलं, कारण माझ्या पदराला जिकडंतिकडं कापूस चिकटला होता. मी वाटभर मनात वाक्य जुळवत होते. दार उघडलं की आधी काय म्हणायचं, मग काय म्हणायचं.

बकऱ्यावाल्याचं घर विचारत गेले. दारात बाजेवर एक म्हातारी मिरच्यांची देठं तोडत बसली होती. मी जुळवलेलं सगळं विसरले.

"चाची, बकरी..."

"कैसी बकरी?"

"कबरी."

"सबीच कबरी बोलते." तिनं मान वर केली नाही. "कल एक आया. बोला, कबरी है, मेरी है. मैं बोली, पेट का रंग बोल. बोला काला. मैं बोली, जा बाबा अपने घर. तू किस गांव की?"

मी गाव सांगितलं.

"वो भोंगेवाला गांव? वो तो बांडी ढूंढ रे ना. मेरा लडका बोला, अम्मी, इसकी तो दुम है, इनकी नहीं ये."

"तेच, चाची. बांडी म्हंजे आमच्या माहेरी, जानेफळकडं, तुकड्यावाली. शेपूट तुटेल नाई. मीच चुकली. मी घरी बांडी म्हटलं, सगळ्यायनं बांडी म्हटलं, अन इथं बांडी म्हंजे..."

माझं बोलणं मराठीत, तिचं हिंदीत, पण तिला कळत होतं. ती आता माझ्याकडं पाहत होती. मिरच्यांचं सूप तिनं बाजूला ठेवलं आणि आत हाक मारली, "बहू, जा बकरी के पास खडी रह. ये बोलती, तू देख." मग मला म्हणाली, "बोल."

मी आतापर्यंत दारातच उभी होते. डोळे मिटले नाहीत, पण जमिनीकडं पाहिलं, म्हणजे बकरी नीट दिसेल. म्हटलं, डाव्या खांद्यापासून पांढरा तुकडा सुरू होतो. वर निमुळता आहे, खाली बरगड्यांवर रुंद होतो, आणि त्याच्या मधोमध बोराएवढा काळा ठिपका आहे. उजवी बाजू काळी, फक्त मांडीवर पांढरं, ते मागून पाहिलं तरच दिसतं. मागचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. पुढचा एकच पांढरा, उजवा. डावा कान काळा, उजव्याचं टोक पांढरं. पोट पांढरं...

"अम्मी, बराबर है," आतून आवाज आला.

पोट पांढरं, पण कासेजवळ काळं. एक सड काळा आहे, एक गुलाबी. गळ्याखाली पांढरी रेघ, ती मधे तुटते आणि पुन्हा सुरू होते. शेपूट वरून काळं, खालून पांढरं...

"बस कर बेटी," म्हातारी हसायला लागली. "पूरी बकरी उतार दी तूने यहां. इत्ता तो मैं मेरे आदमी का मुंह भी नहीं बोल सकती."

इतक्या वर्षांत परक्या माणसासमोर मी एवढं बोलले नव्हते. सुनेनं पाणी आणून दिलं. ती माझ्याच वयाची होती आणि तिच्याही चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. मला वाटलं, माझ्या बोलण्याला हसते आहे. तिनं माझा हात धरला आणि अंगणात नेलं.

छपराखाली बांडी बसली होती, अंगाखाली कोरडा गोणपाट होता. तिच्या पुढ्यात दोन पिल्लं होती.

सकाळीच व्यायली होती. या लोकांनी तिला गूळ-ओवा दिला होता, बाजरी शिजवून घातली होती. पिल्लांची अंगं पुसली होती. एक पिल्लू पूर्ण काळं, दुसरं तांबूस आणि अंगभर पांढऱ्याचे तुकडे. मी खाली बसले. बांडीनं माझा हात हुंगला आणि लगेच पिल्लाला चाटू लागली. मला रडू आलं, ते मी पदरात घेतलं. पदराचा कापूस तोंडाला चिकटला, ते पाहून सून पुन्हा हसली. मग मीही हसले.

म्हातारी बाजेवरून उठून आली. तांबड्या पिल्लाकडं बोट करून म्हणाली, "अब इसको क्या बोलेगी? बांडी?"

"हाव. माहेरी बांडंच."

"और गांव में?"

"कबरं."

"हमारे घर में अबलक बोलते. मेरे अब्बा घोडे रखते थे, उनका लफ्ज है." तिनं तो शब्द दोनदा म्हटला, मला नीट ऐकू यावा म्हणून. मी तो मनात म्हणून पाहिला. ऐकायला चांगला वाटला.

मी दोर काढला, तसा तिनं माझा हात थांबवला. "आज के जनमे बच्चे को रास्ते में मत ले जा. आज रात इधर रहने दे. कल आके लेके जा."

मी विचार केला. तीन दिवस हिच्यासाठी जीव उडाला होता, आणि आता हाताशी असताना सोडून जायचं. पण पिल्लांचे पाय अजून लटपटत होते. आणि ज्या घरानं पोटाचा रंग विचारल्याशिवाय बकरी कोणाला दाखवली नाही, तिथं बकरीला कसली भीती? मी दोर पुन्हा खुंटीला अडकवला. चहा घेतला. निघताना म्हटलं, "चाची, पिल्लं दूध तोडतीन तं एक तुमच्यासाठी."

"वो लाल वाला मेरी पोती सुबह से मांग रही," ती म्हणाली. "मैं बोली, पराई चीज है, मांगना नहीं."

"आता मांगू द्या," मी म्हटलं.

घरी आले तेव्हा आत्याबाई आणि त्या वेचणीतल्या दोघी-तिघी ओट्यावर बसल्या होत्या. माझे रिकामे हात पाहून त्यांचे चेहरे उतरले.

"नाई ना निंघाली आपली?" आत्याबाई म्हणाल्या.

"आपलीच हाय."

"मंग कुठं हाय?"

"तिथंच ठेवून आली."

"अवं बाई, येडी का खुळी तू!"

मग मी बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. सडांचं सांगितलं तेव्हा ती तिखट तोंडाची म्हणाली, "बकरीचे सड पाठ हायेत हिले, अन आमाले वाटे इले बोलताच येत नाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही एक छोटा टेम्पो घेऊन गेलो. येताना मी मागं बसले, मांडीवर दोन पिल्लं आणि पुढं बांडी, दोराशिवाय. गावात टेम्पो हळू झाला आणि माणसं जमली. भोंग्यावर ऐकलेलं सगळ्यांच्या लक्षात होतं. कोणी वाकून शेपूट पाहिलं, कोणी पिल्लं मोजली. ग्रामपंचायतीचा शिपाई चप्पल घालत धावत आला. त्याच्या बोलण्यात जरा तक्रार होती.

"वहिनी, आता एकडाव नीट सांगा. हे बांडी हाय का कबरी हाय? लोक मले इचारून राह्यले."

मी बांडीच्या अंगावरचं गवत झटकलं आणि बाजूला सरकले, म्हणजे त्याला ती पूर्ण दिसेल.

"पाहा न भाऊ," मी म्हटलं. "तुमच्या म्होरंच तं उभी हाय."